मापात पाप नको: वाशीम जिल्ह्यातील आपल्या मुलांना धंदाही शिकवू आणि ईमानदारीही

डिसेंबर-जानेवारी आला की आपल्या भागातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये ‘बाल आनंद मेळावा’ भरतो. काही शाळा त्याला ‘आनंद बाजार’ म्हणतात, उर्दू शाळांत बहुतेक ‘मीना बाजार’ हे नाव चालते. सतरंज्या अंथरल्या जातात, मुलं भेळ, समोसे, उकडलेले चणे, पेरू, बोरं, घरची भाजी घेऊन बसतात. सरपंच किंवा नगरसेवक फीत कापतात, फोटो निघतात आणि दुसऱ्या दिवशी ‘विद्यार्थ्यांनी घेतले व्यवहारज्ञानाचे धडे’ अशी बातमी छापून येते.

असे मेळावे आम्ही बरेच पाहिले आहेत. पोरांच्या चेहऱ्यावरचा आनंद खरा असतो, त्याबद्दल तक्रार नाही. पण मेळावा उठल्यावर एखाद्या मुलाला विचारून पाहा, ‘बेटा, किती कमावले?’ तो खिशातले सगळे पैसे काढून दाखवतो आणि म्हणतो, ‘दोनशे साठ!’ माल कितीचा होता? ‘अम्मीने दिला.’ उरलेला माल? ‘आम्हीच खाल्ला.’ उधारीवर किती गेले? ‘सर दोन प्लेट घेऊन गेले, पैसे नंतर देणार आहेत.’

म्हणजे व्यवहार झाला, पण व्यवहारज्ञानाची बाजू कच्चीच राहिली. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे खालच्या टोपलीतले मऊ पडलेले पेरू वरच्या चांगल्या पेरूंखाली कोणी लपवले होते का, हे त्या दिवशी कोणी पाहिलेच नाही. आमच्या दृष्टीने खरा प्रश्न तिथूनच सुरू होतो.

वाशीमचे चित्र काय आहे?

वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला. वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, कारंजा आणि मानोरा असे सहा तालुके. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या सुमारे १२ लाख, त्यात मुस्लिम साधारण १२ टक्के. मोठी वस्ती कारंजा, मंगरुळपीर, रिसोड, वाशीम अशा शहरांत एकवटलेली. नीती आयोगाने २०१८ मध्ये देशातल्या ज्या जिल्ह्यांना ‘आकांक्षित जिल्हे’ म्हटले, त्यात महाराष्ट्रातले चारच होते: नंदुरबार, गडचिरोली, उस्मानाबाद आणि आपले वाशीम. आकांक्षित हा शब्द गोड आहे, त्याचा साधा अर्थ मागे राहिलेला असा आहे.

मोठे कारखाने इथे नाहीत. जिल्ह्याचा गाडा सोयाबीन, तूर आणि हळदीवर चालतो. पाऊस गेला किंवा भाव पडला की शेतकऱ्याच्या खिशाबरोबर गावातल्या दर्जीची मशीन, गॅरेज आणि बांगड्यांचे दुकानही थंड पडते. आपल्या समाजातली बहुतेक घरे याच दुसऱ्या रांगेत उभी आहेत. बागवान फळ-भाजीत, कुरेशी मांसाच्या व्यवसायात, मन्यार बांगड्यांत, मन्सूरी-पिंजारी गादीच्या कामात, बाकी वेल्डिंग, पंक्चर, बेकरी, रंगकाम, मिस्त्रीकाम, शिलाई. सच्चर समितीने २००६ च्या अहवालात देशभराचे जे चित्र मांडले ते आपल्या गल्लीत रोज दिसते. काम करणाऱ्या मुस्लिमांपैकी सुमारे ६१ टक्के लोक स्वयंरोजगारावर आहेत, असे त्या अहवालात म्हटले होते. इतर समाजांपेक्षा हे प्रमाण जास्त आहे.

तेव्हा ‘मुस्लिम मुलांना उद्योजकता शिकवा’ असे कोणी म्हटले की आम्हाला थोडे हसू येते. आपली पोरं दहाव्या-बाराव्या वर्षी गल्ल्यावर बसतात. मोहल्ल्यातला सहावीतला मुलगा दोन किलो संत्री डोळ्यांनी तोलून सांगतो. धंदा आपल्या रक्तात आहे. धंद्याचे शिक्षण मात्र आपल्याकडे नाही, आणि या दोन गोष्टींत फार अंतर आहे.

धंदा बापाकडून मुलाकडे जातो तसा जातो. त्यात चांगले असते तसे वाईटही असते. मेहनत जाते, गिऱ्हाइकाशी गोड बोलणे जाते. त्याचबरोबर हिशेब न लिहिण्याची सवय जाते, ‘उद्या देतो’ म्हणून महिना लावण्याची सवय जाते आणि कधीकधी तराजूच्या पारड्याखाली लावलेला मेणाचा गोळाही जातो. एकाच धंद्याला पिढ्यानपिढ्या चिकटून राहण्याची किंमतही आपण मोजली आहे. २०१५ मध्ये राज्यात बैल आणि वळूंच्या कत्तलीवर बंदी आली तेव्हा कुरेशी बिरादरीतल्या असंख्य घरांची चूल एका कायद्याने मंदावली. दुसरे काही येत नव्हते, कारण दुसरे काही कधी शिकलोच नव्हतो.

दोन खोल्या, मधे भिंत

आपल्या घरातल्या मुलाचा दिवस पाहा. सकाळी मकतब किंवा मदरसा. तिथे नाजरा, दुआ, नमाजचे मसले. मग शाळा. तिथे गणित, भाषा, विज्ञान. संध्याकाळी अब्बांच्या दुकानात तासभर. तीन जागा, तीन वेगळे उस्ताद. मकतबचे मौलाना दुकानाविषयी बोलत नाहीत, शाळेतले सर दीनविषयी बोलत नाहीत आणि दुकानातले अब्बा या दोन्हींविषयी बोलत नाहीत, त्यांना फुरसतच नसते.

परिणाम असा होतो की मुलाला नमाज मोडणाऱ्या गोष्टी तोंडपाठ असतात, पण विक्री कशाने बिघडते याचा एकही मसला माहीत नसतो. शाळेत त्याला नफा-तोट्याचे उदाहरण सोडवता येते, पण अब्बांच्या दुकानात महिनाअखेर नेमके किती उरले हे घरात कोणालाच माहीत नसते. गल्ल्यातूनच भाजी येते, गल्ल्यातूनच शाळेची फी जाते.

दीन आणि दुकान यांच्यात ही भिंत कोणी बांधली? कुरआनने तर बांधली नाही. कुरआनमधली सर्वांत लांब आयत सूरह बकराची २८२ वी आहे आणि तिचा विषय आहे उधारीचा व्यवहार लिहून ठेवणे. ना नमाज, ना रोजा: कर्ज, मुदत, लिहिणारा, साक्षीदार. माप मारणाऱ्यांच्या नावाने एक पूर्ण सूरह आहे, मुतफ्फिफीन. घेताना पुरेपूर मोजून घेणारे आणि देताना कमी देणारे, अशा लोकांच्या बरबादीने ती सुरू होते. हजरत शुऐब (अलै.) यांनी मदयनच्या लोकांना एकेश्वरवादाबरोबर जी गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली ती वजनमाप नीट ठेवण्याची. एका पैगंबराच्या दावतीत तराजू इतका मध्यभागी असेल, तर आपल्या मकतबच्या अभ्यासात तो कुठेच का नसावा?

सीरतमधले बाजार

प्रेषित मुहम्मद (स.) लहानपणी मक्केवाल्यांच्या बकऱ्या थोड्याशा मोबदल्यात चारत असत. तरुणपणी हजरत खदीजा (रजि.) यांचा माल घेऊन ते शामला गेले. ‘अल-अमीन’ हा किताब त्यांना नुबुव्वतीच्या आधी मिळाला आणि तो देणाऱ्यांत नंतर विरोधात गेलेले लोकही होते. त्यांचे चारित्र्य लोकांनी व्यवहारात पाहिले होते. हे आपण मिलादच्या जलशात दरवर्षी ऐकतो. पण मुलाच्या दृष्टीने त्याचा अर्थ काय, हे उलगडून सांगत नाही.

एका रिवायतीत येते की हजरत अब्दुल्लाह बिन जाफर (रजि.) लहान होते आणि मुलांच्या पद्धतीने काहीतरी विकत बसले होते. प्रेषित (स.) तिथून गेले. त्यांनी त्या मुलाला हटकले नाही, हसले नाहीत, त्याच्या व्यापारात बरकत व्हावी म्हणून दुआ केली. आपल्या आनंद बाजाराला याहून चांगली सनद कोणती हवी?

दुसरा प्रसंग मदीनेच्या बाजारातला. धान्याच्या ढिगात प्रेषितांनी (स.) हात घातला तर आत ओल लागली. विक्रेता म्हणाला, पाऊस लागला. त्यावर त्यांचे म्हणणे असे होते की मग ओला भाग वर का ठेवला नाही, म्हणजे लोकांना दिसला असता. आणि फसवणारा आमच्यातला नाही. लक्षात घ्या, धान्य भिजणे हा गुन्हा नव्हता. लपवणे हा गुन्हा होता. सोयाबीन ओले असणे आणि ओले सोयाबीन पोत्याच्या तळाशी असणे यातला फरक आपल्या जिल्ह्यातल्या पोराला दुसऱ्या कोणत्याही उदाहरणापेक्षा लवकर कळेल.

तिसरा प्रसंग मागणाऱ्या अन्सारी माणसाचा. घरात एक जाड कापड आणि एक पेला एवढेच होते. प्रेषितांनी (स.) ते मागवून लिलाव केला, दोन दिरहम आले. एकाचे घरात अन्न, दुसऱ्याची कुऱ्हाड. तिला दांडा त्यांनी स्वतःच्या हाताने बसवून दिला आणि सांगितले, लाकडे तोडून विक, पंधरा दिवस इकडे दिसू नकोस. तो परत आला तेव्हा त्याच्याकडे दहा दिरहम होते. यात भांडवल आहे, साधन आहे, मुदत आहे आणि हिशेब देणेही आहे. शिवाय त्या माणसाची इज्जत सांभाळली गेली, हे सगळ्यांत महत्त्वाचे.

हजरत उमर (रजि.) यांचे धोरण होते की ज्याला दीनची समज नाही त्याने आमच्या बाजारात विक्री करू नये. आपण ज्यांच्या फिकहवर चालतो ते इमाम अबू हनीफा (रह.) स्वतः कापडाचे व्यापारी होते. त्यांच्या भागीदाराने एकदा दोष न सांगता कापड विकले आणि गिऱ्हाईक सापडेना, तेव्हा त्यांनी त्या मालाची सगळी रक्कम सदका केली, असे चरित्रकार सांगतात. फक्त नफा नव्हे, सगळी रक्कम.

आणि सूरह निसाच्या सहाव्या आयतीत यतीम मुलांविषयी आदेश आहे की ती वयात येईपर्यंत त्यांना आजमावत राहा, समज दिसली की त्यांचा माल त्यांच्या हवाली करा. आजमावायचे कसे? हनफी फुकहांनी यातून हेच घेतले की समज आलेल्या मुलाला वलीच्या परवानगीने थोडा व्यवहार करू द्यावा. म्हणजे लहान मुलाच्या हाती लहान भांडवल देऊन त्याची समज पाहणे ही परदेशातून आलेली नवी कल्पना नाही. आपल्याच किताबांत ती आहे, आपण पान उलटले नाही एवढेच.

सरकारी दरवाजा उघडा आहे

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस ‘दप्तराविना’ ठेवले आहेत. या दिवसांत मुलांनी सुतार, माळी, कुंभार, कलाकार अशा स्थानिक कारागिरांकडे शिकावे, अशी अपेक्षा आहे. महाराष्ट्र शासनाने मार्च २०२४ मध्ये पहिली ते आठवीसाठी ‘आनंददायी शनिवार’ आणला, त्यातही रोजच्या जीवनातल्या पैशांच्या व्यवस्थापनाचा विषय आहे. दिल्ली सरकारने २०१९ मध्ये नववी ते बारावीसाठी उद्योजकता अभ्यासक्रम सुरू केला आणि २०२१ मध्ये अकरावी-बारावीच्या मुलांना प्रत्येकी दोन हजार रुपये बीजभांडवल देऊन गटाने व्यवसाय करायला लावले.

दिल्लीच्या प्रयोगातून घेण्यासारखे बरेच आहे. मुलांना नुसते भाषण दिले नाही, हातात खरे पैसे दिले. बुडाले तरी चालेल, पण शिका, असे सांगितले. आम्हाला त्यात एक गोष्ट कमी वाटते. असे उपक्रम जिथे होतात तिथे बक्षीस जातं जास्त कमावणाऱ्याला. दोष सांगून माल विकला म्हणून ज्याचा माल उरला, त्याला बक्षीस देणारी शाळा अजून आमच्या पाहण्यात नाही. मुलं फार हुशार असतात. भाषण कशावर आहे ते ती ऐकत नाहीत, टाळ्या कशाला पडतात ते पाहतात.

ही उणीव भरून काढायला सरकारी आदेशाची गरज नाही. त्याच मेळाव्यात, त्याच शनिवारी, त्याच सतरंजीवर ती भरता येते.

दोनशे रुपयांची भेळ

उदाहरण घेऊ. सातवीतली चार मुलं प्रत्येकी पन्नास रुपये काढून भेळ विकायचे ठरवतात. भांडवल २०० रुपये. मुरमुरे, फरसाण, कांदा, टमाटे १७० चे, कागदी द्रोण ३० चे. दहा रुपये प्लेट, तीस प्लेटचा माल. विकल्या गेल्या २६. आले २६० रुपये. मुलं म्हणतील, साठ रुपये नफा!

आता सरांनी किंवा मौलानांनी एकेक प्रश्न विचारायचा.

चिंच-गुळाची चटणी आणि उकडलेले बटाटे घरून आले, साधारण ४० रुपयांचे. ते कोणाचे? अम्मीचे. मग खरा नफा २० च झाला. अम्मीची मेहनत तर अजून हिशेबात धरलीच नाही. आपल्या कित्येक दुकानांचा ‘नफा’ असाच घरातल्या बाईच्या न मोजलेल्या कामावर उभा असतो, हे मुलाला बाराव्या वर्षी कळले तर तो पुढे चांगला नवरा आणि चांगला बाप होईल.

चौघांपैकी एकजण दिवसभर खेळत राहिला. त्याला सारखा वाटा? उत्तर असे की आधी काय ठरले होते? शरीअतमध्ये भागीदारीतला नफा आधी ठरलेल्या प्रमाणात वाटला जातो आणि तोटा ज्याने जितके भांडवल घातले त्या प्रमाणात सोसावा लागतो. ठरलेच नसेल तर भांडण होणारच. आपल्या भावाभावांतली निम्मी भांडणे ‘आपलंच आहे, लिहायचं काय’ या एका वाक्यातून निघाली आहेत. म्हणून मेळाव्याच्या आदल्या दिवशी चौघांनी एका कागदावर लिहायचे: कोण किती घालणार, कोण काय काम करणार, नफा कसा वाटणार. खाली सह्या, दोन साक्षीदार. सूरह बकराची ती आयत त्या दिवशी मुलांच्या वहीत उतरेल.

सर दोन प्लेट उधार घेऊन गेले. लिहिले का? तारीख टाकली? आणि सर, तुम्ही दिले का? इथे उस्तादांचीही परीक्षा आहे.

शेवटच्या चार प्लेटचा कांदा काळा पडला होता. तो टाकला की खपवला? खपवला असता तर ४० रुपये जास्त आले असते. ज्या गटाने टाकला त्याचे नाव सगळ्यांसमोर घ्यायचे, टाळ्या वाजवायच्या. त्या टाळ्या ते मूल आयुष्यभर विसरणार नाही.

आणि वीस रुपयांतले काही अल्लाहच्या वाटेत? लहान मुलांवर हनफी मसलकात जकात फर्ज नाही, पण सवय लावायला कोणी अडवले? सक्ती करायची नाही. डबा ठेवायचा, कोणी किती टाकले ते पाहायचे नाही.

असे पाहिले तर एका भेळेतून अमानत, वादा, हिशेब, शिरकत, सब्र आणि सदका एवढे धडे निघतात. भाषणाने अखलाक बनत नाहीत. हातात दहा रुपयांची नोट आणि समोर काळा कांदा असताना मूल जे करते, तेच पुढे त्याचे अखलाक होतात.

चार धोके

या कामात धोके नाहीत असे नाही. ते आधीच डोळ्यांसमोर ठेवले पाहिजेत.

पहिला धोका शाळा सुटण्याचा. ‘नाहीतरी धंदाच करायचा आहे’ म्हणून आठवी-नववीनंतर पोराला गॅरेजवर किंवा पुण्या-मुंबईच्या बेकरीत पाठवणारे आई-बाप आपल्यात आहेत. त्यांची मजबुरी आम्ही जाणतो, पण उद्योजकतेच्या नावाने तिला सजवू नये. कायदाही स्पष्ट आहे. चौदा वर्षांखालील मुलाला कामावर ठेवता येत नाही. घरच्या व्यवसायात मदत चालते, तीही शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत आणि धोक्याच्या कामात नाही. आम्ही ज्या शिक्षणाची गोष्ट करतो त्याची कसोटी सोपी आहे: मूल त्यामुळे शाळेत जास्त टिकले पाहिजे. गणित कशासाठी हे त्याला कळले की ते टिकते.

दुसरा धोका पैशाची चटक. मोबाइलवर ‘एका रात्रीत लखपती’ दाखवणारे व्हिडिओ आपल्या पोरांनी पाहिले आहेत. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांनी किती घरे पोखरली, म्हणून ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेला त्यावर बंदीचा कायदा करावा लागला. कुरआनने जुगाराला सैतानी काम ठरवले त्याला चौदा शतके झाली. मुलाने एकदा तरी स्वतःच्या मेहनतीचे वीस रुपये मोजले असतील, तर फुकटच्या दोन हजारांचा मोह त्याला जरा कमी होतो. पण फक्त कमाईचेच गुणगान झाले तर उलटेही होऊ शकते.

तिसरा धोका मुलींना बाजूला ठेवण्याचा. मेळाव्यात मुली पदार्थ बनवून आणतात आणि गल्ला भाऊ सांभाळतो, हे आम्ही पाहिले आहे. ज्या उम्मतची पहिली मोमिना मक्केची नामवंत व्यापारी होती, तिच्या लेकींना हिशेबाच्या वहीपासून दूर ठेवणे कोणत्या दीनमध्ये बसते? शिलाई, मेंदी, मसाले, पापड, शिकवणी अशा कामांत आपल्या कितीतरी बहिणी घरबसल्या कमावतात. त्यांना भाव कसा ठरवायचा, पावती कशी द्यायची, उद्यमची मोफत नोंदणी कशी करायची, खाद्यपदार्थ विकायचे तर एफएसएसएआयची नोंदणी लागते, हे कोणी सांगत नाही. आठवीतल्या मुलीला ते सांगितले तर ती अम्मीलाही शिकवेल.

चौथा धोका दिखाव्याच्या दीनदारीचा. दुकानाला ‘मदीना’, ‘बरकत’, ‘अल-अमीन’ अशी नावे देऊन आत माप मारले, तर ते साध्या फसवणुकीपेक्षा वाईट, कारण त्यात दीनची बदनामी आहे. आणि ईमानदारी फक्त आपल्या लोकांपुरती नसते. आपले गिऱ्हाईक शेतकरी आहे, बंजारा आहे, बौद्ध आहे, मारवाडी आहे. मदयनचा तराजू सर्वांसाठी सारखाच सरळ असायला हवा होता. एखाद्या गावात ‘त्या मियाभाईच्या दुकानात काटा सरळ असतो’ अशी ख्याती पसरली तर ती शंभर तकरीरींचे काम करते. आजच्या वातावरणात, जिथे आपल्या फेरीवाल्यांकडून घेऊ नका असे उघड सांगणारे लोक आहेत, तिथे आपला सरळ काटा हे आपले उत्तर आहे. सगळा द्वेष त्याने संपणार नाही, हे आम्ही जाणतो. पण द्वेष करणाऱ्याला खोटे पाडायला गिऱ्हाईक आपोआप साक्षीला उभे राहते.

वाशीममध्ये काय करता येईल?

यासाठी नवी संस्था काढायची, इमारत बांधायची असे आम्ही म्हणत नाही. जे आहे त्यालाच जोडायचे.

मकतबमध्ये आठवड्यातून एक दिवस पंधरा मिनिटे ‘बाजाराचे मसले’ ठेवावेत. माप, दोष सांगणे, उधारी, वादा, व्याज, भागीदारी: सहा विषय सहा महिने पुरतील. मौलाना साहेबांना त्यासाठी वेगळे किताब शोधावे लागणार नाहीत, त्यांनी ते शिकलेले असतात.

शाळांनी, मग त्या उर्दू असोत वा मराठी, दप्तराविना दिवसांत मुलांना बाजार समितीत न्यावे. सोयाबीनची ओल कशी मोजतात, लिलाव कसा होतो, काटापट्टीवर काय लिहिलेले असते, हे मुलांनी पाहावे. डाळ मिल, वेल्डिंगचे दुकान, शिलाईचे युनिट दाखवावे. समृद्धी महामार्ग आपल्या जिल्ह्यातून जातो, कारंजा, शेलूबाजार, मालेगाव इथे त्याला उतरण्या-चढण्याची जागा आहे. या रस्त्याने आपल्या गावाला काय आणले आणि काय नेले, असा प्रकल्प नववीच्या मुलांना द्यावा. रस्त्याकडे नुसते पाहत बसणाऱ्या गावाजवळून गाड्या सुसाट निघून जातात.

मोहल्ल्यातल्या व्यापाऱ्यांनी वर्षातून दोन तास द्यावेत. यशाची गोष्ट सांगायला नव्हे, बुडाल्याची सांगायला. धंदा कसा बुडाला, कर्ज कसे चढले, कोणाला तोंड दाखवायची लाज वाटली, मग कसे उभे राहिलो. व्याजाचा विळखा काय असतो हे मुलांना आयतीबरोबर माणसाच्या तोंडूनही कळायला हवे. त्याचबरोबर बिनव्याजी कर्ज देणाऱ्या पतसंस्था देशात काही ठिकाणी चालतात, त्या कशा चालतात हेही सांगावे. नुसते ‘व्याज हराम’ म्हणून थांबलो आणि पर्याय दाखवला नाही, तर मूल मोठे झाल्यावर एकतर गुपचूप घेईल किंवा धंदाच सोडेल.

आणि आई-बापांनी? अब्बांनी रात्री दुकान बंद केल्यावर दहा मिनिटे मुलाला शेजारी बसवून वहीत लिहायला लावावे: आज किती आले, किती गेले, कोणाचे देणे, कोणाचे येणे. मूल लिहीत असेल तर बापाचाही हात सरळ राहतो. पोराच्या हाताने ‘दोन किलो’ लिहून घेताना पावणेदोन किलो देणे फार अवघड असते. आपण म्हणतो मुलांची तरबियत करतो, पण या दहा मिनिटांत बऱ्याचदा मुलंच आपली तरबियत करतात.

काहीजण म्हणतील, आम्हाला पोराला डॉक्टर करायचे आहे, एमपीएससीला बसवायचे आहे, तुम्ही त्याला भेळ विकायला सांगता. जरूर डॉक्टर करा, अधिकारी करा. समाजाला त्यांची फार गरज आहे. पण गरज नसलेली तपासणी न लिहिणारा डॉक्टर आणि टेबलाखालून न घेणारा अधिकारी कुठून येणार? त्याने कुठेतरी, कधीतरी, काळा कांदा टाकून दिलेला असला पाहिजे.

या वर्षीचा आनंद मेळावा जवळ आला की आपल्या शाळेत जा. फीत कापायला नको, गिऱ्हाईक म्हणून जा. भाव करा, नीट तोलून मागा, पैसे मोजून द्या, उधार ठेवू नका. मऊ पडलेला पेरू स्वतःहून बाजूला काढणारे मूल दिसले तर थांबा. प्रेषितांनी (स.) एका लहान विक्रेत्यासाठी जी दुआ केली होती तीच त्याच्यासाठी करा, की अल्लाह त्याच्या व्यवहारात बरकत देवो. आमीन.